सत्तेचाळीस नाकं

सिकसिक,
१४ मार्च १९९७

प्रिय वेंडेल,

तुझ्या थेल्माताईचे तुला खूप मुके, आणि त्यातला एक कानाखाली, कारण नाताळापासून तुझं पत्र नाही. फोन मात्र करू नकोस. फोनवर तू नुसता "हो ताई, हो ताई" करतोस, आणि इथे दुकानातल्या फोनपाशी अर्धं गाव कान देऊन बसतं. कागदावर नुसत्या "हो ताई"नं भागत नाही, पान भरावं लागतं. माझ्या अक्षराला हसू नकोस. मी काडतुसांच्या खोक्यांवरून आणि टपालानं येणाऱ्या कपड्यांच्या जाहिरातींवरून वाचायला शिकले. शाळेत घरच्यांनी तुला धाडलं होतं.

तुझ्या कंपनीची आणि सरकारची माणसं मंगळवारी येऊन गेली. तू येणार म्हणून मी आकुतुक करून ठेवलं होतं. कॅरिबूची चरबी घुसळून घुसळून खांदा भरून आला, उरल्यासुरल्या बेरी सगळ्या त्यात घातल्या. विमानातून पाच जण उतरले, त्यात तू नाहीस. म्हणे तुला ऑफिसात महत्त्वाचं काम निघालं. आकुतुक एबेनकाकांनी खाल्लं. ऐंशीचा माणूस, तोंडात तीन दात, पण जेवताना बघत राहावं.

आता सभेचं ऐक. आधी उभी राहिली ग्रेटा, सरकारसाठी विमानातून कॅरिबू मोजते ती पोर. म्हणाली, कळप घटलाय, तेव्हा या शरदात घरटी पाचच कॅरिबू मारा. मग त्याच जागी सरकारी परवाना कार्यालयाचे ट्विचेलसाहेब उभे राहिले. म्हणाले, ऑगस्टच्या मध्यापासून कंपनी आपल्या खिंडीच्या तोंडाशी तळ टाकणार. चाळीस माणसं, हेलिकॉप्टर, घराएवढं यंत्र. जमिनीत भोकं पाडून तेल आहे का बघणार. आणि कॅरिबूंना याचा काडीचा त्रास होणार नाही. म्हणजे बघ, माझ्या एका जुन्या बंदुकीनं कळप संपतो, आणि हेलिकॉप्टर म्हणजे कळपाला अंगाई! ग्रेटा बिचारी आपल्या बुटांकडे बघत होती. कळप घटला तो काय आमच्या भांड्यात? बाहेरून विमानानं येणारे हौशी शिकारी शिंगं तेवढी कापून नेतात, मांस कोल्ह्यांना. त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मग साहेबांनी विचारलं, "हा तळ तुम्हाला मंजूर आहे का?"

आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. सत्तेचाळीस माणसं, सत्तेचाळीस नाकं. साहेबांनी पुन्हा विचारलं. आम्ही आणखी जोरात मुरडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एबेनकाकांचं नाक असं आक्रसलं की मला वाटलं, आता चेहऱ्याच्या आत जातंय. भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही, हे आपल्याकडे रांगत्या पोराला कळतं. साहेबांचं तर सुरुवातीलाच सांगून झालं होतं की उत्तरेत त्यांची वीस वर्षं गेलीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, "आभारी आहे" म्हणाले.

मग मी उठले. म्हटलं, "साहेब, तुम्हा लोकांना यायचंच असेल तर आघाडीच्या कॅरिबू खिंडीतून पार होऊन मागचा कळप जाईपर्यंत तरी थांबाल का?" त्यांच्या भुवया वर गेल्या त्या पार केसांपर्यंत! सगळ्या सभेचा जीव भांड्यात पडला. टाळ्या वाजल्या. बरोबर आलेला फोटोवाला तर सभाभर फोटो काढत होता, त्यानं तेव्हाही काढले. माणूस वाटला त्यापेक्षा चांगला निघाला.

तर आपलं "नाही" तुझ्या ऑफिसात पोचलंय, आणि वर साहेबांचा शब्दही. नीट सांभाळ.

तुझी,
थेल्माताई

—

अँकरेज,
४ एप्रिल १९९७

प्रिय ताई,

सभेला येता आलं नाही, त्याची रुखरुख आहे. आकुतुकची त्याहून जास्त. एबेनकाकांना सांग, हिशेब बाकी आहे.

सभेचा अहवाल माझ्या टेबलावर आला. सभा अतिशय शांततेत आणि खेळीमेळीत पार पडली, असं इथे सगळे म्हणतात. तू काळजी करू नकोस. साहेबांच्या भुवयांबद्दल लिहिलंस ते वाचलं. त्यांच्या भुवया तशा नेहमीच जरा वर असतात, एवढं लक्षात असू दे.

एक चांगली बातमी. मला बढती मिळाली. आता मी "स्थानिक रूढी आणि लोकसंपर्क सल्लागार". खिडकीजवळची जागा मिळाली आहे, आणि फिरणारी खुर्ची. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, पण त्याच्या पलीकडे डोंगर आहेत, ते आपल्यासारखेच आहेत असं मी मला सांगतो.

सोबत चहाचा डबा आणि लोकरीचे हातमोजे पाठवतोय.

तुझा,
वेंडेल

—

सिकसिक,
२० एप्रिल १९९७

प्रिय वेंडेल,

हातमोजे पोचले. शहरातल्या थंडीसाठी छान आहेत. इथे मी ते चहाच्या किटलीला घालते.

बढतीचं ऐकून ऊर भरून आला. तुझा हुद्दा मी दुकानात वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्यांदा मधेच धाप लागली. एबेनकाका म्हणाले, "म्हणजे रूढी आपण पाळायच्या आणि पगार पोरानं घ्यायचा. बरंय की, कुणाला तरी मिळतोय." खुर्ची कोणत्या बाजूला फिरते? इकडे तोंड करून बसत जा.

सभा शांततेत पार पडली, हे वाचून मात्र हसू आलं. शांततेत म्हणजे काय रे? आमची नाकं मोडायची तेवढी बाकी होती.

एक विचारायचंय. खिंडीच्या तोंडाशी कुणीतरी तेलाचे ड्रम आणून उतरवलेत, पिवळे, बारा. बहुधा चुकून. साहेबांनी शब्द दिलाय, तेव्हा त्यांना वाईट वाटण्याआधी तूच सांग आणि हलवायला लाव. आघाडीच्या माद्या कशा असतात ते तुला मी काय सांगायचं? नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली, परका वास आला, की थबकतात. आणि त्या वळल्या की मागचे हजारो जण, काही न विचारता, वळतात. म्हणून तर आपण त्यांच्यावर गोळी झाडत नाही, धूर करत नाही, खोकलासुद्धा बाहीत खोकतो. त्यांना जाऊ द्यायचं. वाट त्या पाडतात, जेवण मागून येतं.

तू नऊ वर्षांचा होतास, टेकडीवर उभा राहून आनंदानं ओरडलास, "आल्या! आल्या!" आठवतंय? आल्या तशा गेल्या, पलीकडच्या खोऱ्यातून. त्या हिवाळ्यात आपण मासे आणि वाळवलेल्या खारी खाल्ल्या. आई तुला एका शब्दानं बोलली नाही. बाबा फक्त रोज ताटलीत खार बघून "आल्या! आल्या!" म्हणायचे.

ते ड्रम बघ हं.

थेल्माताई

—

अँकरेज,
१२ मे १९९७

प्रिय ताई,

कामाची फार गडबड आहे, म्हणून चारच ओळी. ते ड्रम चुकून नाहीत, पूर्वतयारी म्हणून आहेत. "शब्द" या गोष्टीचा ऑफिसात जरा वेगळा अर्थ असतो. तो कागदावर असावा लागतो. मी बघतो काय करता येतं ते. गुडघ्याला तेल लावतेस ना?

वेंडेल

—

सिकसिक,
९ जून १९९७

वेंडेल,

गुडघ्याला तेल लावते. कंपनीनं तेवढं ठेवलंय अजून.

कालच्या विमानानं कंपनीचं खोकं आलं. त्यात पन्नास टोप्या, आभाराचं पत्र, आणि गुळगुळीत कागदाचं रंगीत माहितीपत्रक. पत्रात लिहिलंय की "सिकसिकच्या ग्रामस्थांनी एकमुखानं दिलेल्या संमतीबद्दल" कंपनी ऋणी आहे. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एकमुखानं म्हणे! मुखानं एकही शब्द कुणी काढला नव्हता.

आणि माहितीपत्रकाच्या तोंडावर, वेंडेल, आम्ही आहोत. सगळे. सभेतला फोटो. सत्तेचाळीस माणसं नाक मुरडून बसलीत, जणू कुणी खोलीत सडका मासा आणून ठेवलाय. एबेनकाकांचं नाक दुमडून कपाळाला टेकलंय. फोटोत दिसावं म्हणून तेवढ्यासाठी नवा पार्का घातलेली मी दुसऱ्या रांगेत, आणि माझ्याच नाकावर उजेड. खाली छापलंय: "सिकसिकचे हसतमुख गावकरी नव्या युगाचं स्वागत करताना."

आत दुसरा फोटो. मी उभी, समोर ट्विचेलसाहेब, भुवया केसांत. त्याखाली: "ज्येष्ठ महिलेच्या प्रश्नानं अधिकारी चकित." चकित! आम्ही त्याला शब्द समजलो आणि तो माणूस नुसता चकित झाला होता!

दुकानात आधी सगळे इतके हसले की एबेनकाकांना पाणी द्यावं लागलं. मग कुणीतरी म्हणालं, "ऑगस्टात तळ पडला तर खायचं काय?" मग कुणी हसलं नाही. टोप्या घालून सगळे घरी गेले. टोप्या चांगल्या आहेत, हे सांगायला मला लाज वाटते.

वरच्या कार्यालयात अपील करता येतं म्हणे. मुदत जुलैच्या दहापर्यंत. ग्रेटानं तसं कळवलंय. तर तू एवढंच शोधून काढ: आमच्या नाकांना संमती म्हणणारं गाढव कोण? ट्विचेलसाहेब परके, त्यांना मी एक वेळ माफ करीन. पण पत्रात लिहिलंय की "स्थानिक रूढींच्या जाणकाराकडून" अहवाल तपासून घेतला होता. हा जाणकार कुठल्या बिळातला आहे? तुझ्याच ऑफिसातला असेल. त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याला उलूच्या पात्यानं मासा कापतात तसा उघडा करून वाळत घालते.

थेल्माताई

—

अँकरेज,
२३ जून १९९७

प्रिय ताई,

तुझा राग समजतो. पण थोडी ऑफिसची बाजूही ऐकशील?

अहवालाच्या कागदावर तीन रकाने असतात: बाजूनं बोलले, विरोधात बोलले, तटस्थ. नाकाला रकाना नाही. विरोधात कुणी बोललं नाही म्हणून तिथे शून्य लिहिलं गेलं. त्यात कुणाची दुष्टबुद्धी नाही. त्या गाढवावर वरिष्ठ असतील, वरिष्ठांना मुदत असेल, आणि त्याला वाटलं असेल की तळ पडणारच आहे, आपण अडून काय होणार? निदान आपली खुर्ची तरी गावाच्या माणसाकडे राहील.

आणि ताई, एक विचारू? तुझ्या शेगडीत काय जळतं? शाळेवरचं नवं छप्पर, दवाखान्यातली नर्स, एबेनकाकांचं स्नोमशीन हे सगळं कशावर चालतं? तेलावर. तेल हवं, पण ते दुसऱ्याच्या खिंडीतून यावं, असं आपण किती दिवस म्हणणार? मी इथे बसलोय तो काही गावाचं वाईट व्हावं म्हणून नाही.

रागावू नकोस. सप्टेंबरात मांस कापायला माणूस कमी असेल तर मी रजा काढून येईन म्हणतो.

वेंडेल

—

सिकसिक,
३ जुलै १९९७

वेंडेल,

शेगडीत तेलच जळतं. तू म्हणालास ते खरं, आणि मी ते दुकानात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं, कारण मला आवडलं नाही. तेल काढू नका असं मी त्या सभेतही म्हणाले नव्हते. आघाडी जाऊ दे, एवढंच म्हणाले होते. महिनाभर थांबा म्हणणं म्हणजे कुणाच्या तोंडचा घास काढणं झालं का?

अपिलासाठी ग्रेटानं मूळ अहवालाची नक्कल पाठवली. "उपस्थित सत्तेचाळीस. विरोध शून्य. स्थानिक रूढीनुसार ग्रामस्थांनी शांत राहून सहमती दर्शवली." खाली सही आहे. ती सही मी ओळखते. त्यातल्या पहिल्या अक्षराला शेपूट काढायला तुला मीच शिकवलं होतं, काडतुसाच्या खोक्यावर.

ट्विचेलसाहेबांना आमची नाकं कळली नाहीत. तुला कळली होती. माझं पत्र तुझ्या टेबलावर होतं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि तरी तू सही केलीस. मग मला चहा पाठवलास.

नऊ वर्षांचा असताना तू ओरडून कळप वळवलास. या वेळी गप्प बसून.

माहितीपत्रक अपिलाला जोडलंय. प्रत्येक नाकाभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढून आकडे घातलेत. बघणाऱ्याला कळेल की नाही देव जाणे. कळण्यासाठी कुणीतरी आपल्यातला जाणकार लागेल, आणि तो तर खुर्चीत फिरतोय.

उत्तर नको.

थेल्मा

—

अँकरेज,
१ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितोय. तुझं पत्र मी खिशात घेऊन हिंडलो. खालच्या "थेल्मा"कडे बघत राहायचो. "ताई" लिहायचं चुकून राहिलं नव्हतं, ते मला कळलं.

अपिलाची सुनावणी मंगळवारी झाली. वर एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या, समोर तुझं माहितीपत्रक, गोल आणि आकड्यांसकट. बाईंनी आधी विचारलं, "हे लाल काय आहे? कुणा मुलानं रंगवलंय का?" कंपनीच्या वकिलानं मला जाणकार म्हणून उभं केलं. त्यानं आदल्या दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं: लोक हसताहेत, एवढंच म्हणायचं.

तो म्हणाला, "मिस्टर उगियाक, हे लोक हसताहेत, बरोबर?"

मी फोटो हातात घेतला. पहिल्या गोलात एबेनकाका होते. ताई, त्या नाकाकडे बघून "हसतंय" कसं म्हणू? तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "पहिल्या रांगेत डावीकडून एक नंबरचं नाक, एबेनकाका. नाही म्हणताहेत. दोन नंबरचं, त्यांची सून. नाही म्हणतेय. तीन नंबर..."

वकील म्हणाला, "पुरे." बाई म्हणाल्या, "पुरे कसं? पुढे वाचा." मी वाचत गेलो. बाराव्या नाकाशी वकील खाली बसला. एकोणिसावं तुझं होतं. तुझं नाक अगदी आईसारखं मुरडतं, हे मी विसरलोच होतो. मग सत्तेचाळीसपर्यंत सगळी वाचली. टंकलेखन करणाऱ्या मुलीनं प्रत्येक नाक वेगळ्या ओळीवर घेतलं. अखेर त्यांच्या कागदावर नाकाला रकाना मिळाला.

बाईंनी आतलं पान उलटलं. "आणि या गृहस्थांच्या भुवया?"

मी म्हणालो, "ते 'हो' आहे, बाई. सिकसिकमध्ये त्यांनी शब्द दिलाय."

समोर बसलेल्या ट्विचेलसाहेबांच्या भुवया पुन्हा केसांत गेल्या. मी म्हणालो, "बघा, अजून देताहेत."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अहवाल पुढे केला आणि विचारलं, "ही सही कुणाची?" म्हणालो, माझी. "सही करताना हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

मी भुवया उंचावल्या. त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगा. नोंद करायची आहे." तेव्हा मी "हो" म्हणालो.

निकाल असा: पंधरा ऑक्टोबरच्या आत खिंडीच्या वीस मैलांत काही उतरवायचं नाही, काही उडवायचं नाही, ड्रम उचलून न्यायचे. तळ रद्द झालेला नाही, लांबलाय. घरटी पाच कॅरिबूंची मर्यादा तशीच आहे. जिंकलो असं म्हणता येणार नाही, पण आघाडी जाईल.

नोकरी बुधवारी गेली. माझ्या टेबलावर आता कुणाची तरी कुंडी आहे. खुर्ची जाताना एकदा पूर्ण फिरवून घेतली.

ताई, मी घरी येऊ का? मांस कापायला म्हण, लाकडं फोडायला म्हण, एबेनकाकांना हसायला म्हण. नको असेल तर तसं कळव. पण कळव.

वेंडेल

—

अँकरेज,
२२ ऑगस्ट १९९७

ताई,

तीन आठवडे झाले. रोज टपालाची पेटी उघडून बघतो. आज शेजारच्या बाईनं विचारलं, "पैसे यायचेत का कुठून?" मी नाक मुरडलं. तिला वाटलं, मला तिचा राग आला. या शहरात कुणाशी धड बोलता येत नाही.

रागात असशील तर रागाचं लिही. गप्प नको राहूस. गप्प राहण्याचं काय होतं, ते मला पुरतं कळलंय.

वेंडेल

—

सिकसिक,
५ सप्टेंबर १९९७

प्रिय वेंडेल,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम वाचली. आम्ही सगळे ऑगस्टच्या सुरुवातीपासून खिंडीवरच्या दगडांमागे मुक्कामाला होतो. गावात टपाल घ्यायलाही कुणी नव्हतं, टपालाच्या खिडकीतली बाईसुद्धा आमच्यातच बसली होती. मी गप्प नव्हते रे, मी आघाडीची वाट बघत होते. तू स्वतःभोवतीच फिरतोस, ही त्या खुर्चीची सवय.

ड्रम आमच्या डोळ्यांदेखत गेले. ते उचलणारा पोरगा म्हणाला, "आजी, इतक्या लांब आणले आणि इतक्या लांब परत नेतोय, यात कुणाचं भलं?" मी म्हटलं, "तुझं. दोन्ही खेपांचा पगार मिळाला ना?" तो हसला. जाताना त्याला वाळवलेलं मांस दिलं.

एकोणतीस तारखेला सकाळी आघाडी आली. पुढे एक म्हातारी मादी, एक शिंग तुटलेलं. मागे वीस-पंचवीस. आमच्याकडे धूर नव्हता, चहा नव्हता. एबेनकाकांना खोकला आला तर त्यांनी पार्का तोंडात कोंबला. जिथे ड्रम होते तिथे शेवाळावर बारा गोल पिवळे डाग राहिलेत. म्हातारी त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. वास घेतला. सगळी खिंड थांबली. मला नऊ वर्षांचा तू आठवलास, ताटलीतली खार आठवली. आणि वेंडेल, शपथेवर सांगते, तिनं नाक मुरडलं. अगदी आपल्यासारखं. मग डागांना वळसा घातला, आणि खिंडीत शिरली.

तिच्या मागून चार दिवस कळप जात होता. या वर्षी "आता" म्हणायची पाळी माझ्यावर होती. आघाडी दिसेनाशी झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी भुवया उंचावल्या, तेव्हा पहिली गोळी सुटली.

घरटी पाच. मोजून पाच. ग्रेटा वही घेऊन शेजारी बसली होती. तिला म्हटलं, तू आमचे मोज, आम्ही कंपनीची हेलिकॉप्टरं मोजतो. म्हणाली, "आजी, खरंच मोजा. ते आकडे मला कुणीच देत नाही." पोर वाईट नाही. मोजायला तिला आमच्यावर धाडतात, कारण कंपनीचे दुसरीकडचे तळ बघायला तिला आत घेत नाहीत.

ते पंधरा ऑक्टोबरला येणारच. पुढच्या वर्षी पुन्हा सभा, पुन्हा टोप्या. त्या सभेत आमची नाकं मोठ्यानं वाचायला माणूस लागेल. पगार नाही. खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड आहे, फिरत नाही पण डुलते.

तुझी नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं. थोडं. सही केलीस त्याचं अजून वाटतं, आणि ते इतक्यात जायचं नाही. तू आलास की रोज थोडं थोडं बोलून घेईन, हिवाळा मोठा असतो. एबेनकाकांनी तुला पहिल्या दिवशी काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय. दारात पाय ठेवलास की "आला! आला!" असं ओरडणार आहेत. बाबांच्या आवाजात. रोज सराव चाललाय.

तू विचारलंस, येऊ का. याचं उत्तर पत्रात कसं देतात ते मला ठाऊक नाही. लिहिलेला "हो" तुमच्या ऑफिसातला, त्यावर माझा भरवसा राहिला नाही. म्हणून टपालाच्या खिडकीतल्या बाईच्या कॅमेऱ्यानं माझा फोटो काढून घेतला, लगेच बाहेर येतो तसला. सोबत जोडलाय. फक्त भुवयांकडे बघ. नाकाकडे लक्ष देऊ नकोस, ते थंडीनं आक्रसलंय.

तुझी,
थेल्माताई